सेव्ह केलेला नंबर

देवगड, राजापूर, रत्नागिरी या पट्ट्यातल्या हापूसच्या बागायतदाराला जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट कधीच कळत नसे: आपला आंबा शेवटी खाल्ला कोणी? पेटी ट्रकने वाशीच्या बाजार समितीत जायची, तिथे तिचा भाव ठरायचा, पुढे किरकोळ विक्रेता, मग फळांचं दुकान किंवा हातगाडी. आडत, हमाली, भाडं वजा होऊन पट्टी हातात आली की व्यवहार संपला. खाणाऱ्यालाही बाग ठाऊक नसायची. 'देवगड' लिहिलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा निघाला, तर बोलायचं कोणाशी?

ही मधली वाट आता फोनवरून ओलांडता येते. पाच-पन्नास कलमांची बाग असलेली घरंही पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला थेट पेटी पाठवतात. पण फोन हातात आला म्हणजे ग्राहक आला, असं होत नाही. इन्स्टाग्रामवर हजारो फॉलोअर असूनही मे महिन्यात पेट्या पडून राहतात, आणि फॉलोअर मोजकेच असलेल्या बागेचा माल एप्रिलमध्येच बोलून ठेवलेला असतो. फरक कशाने पडतो? माझ्या मते मोजायचा आकडा एकच: किती लोकांनी बागेचा नंबर आपल्या फोनमध्ये नावासकट सेव्ह केला आहे. बाकी सगळी खटपट त्या आकड्यासाठी करायची.

त्यामागे व्हॉट्सअ‍ॅपची रचना आहे. छोट्या व्यावसायिकांसाठीचं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप जानेवारी २०१८ मध्ये आलं. त्यात ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते. एका यादीत २५६ जण बसतात आणि एकदा लिहिलेला निरोप प्रत्येकाला स्वतंत्र आल्यासारखा दिसतो. उत्तरही फक्त पाठवणाऱ्याकडे येतं, इतर ग्राहकांना दिसत नाही. मात्र हा निरोप पोहोचतो तो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. स्टेटसचंही तसंच, तिथे तर दोन्ही बाजूंनी नंबर सेव्ह असावे लागतात. म्हणजे बागायतदाराकडे गेल्या पाच वर्षांच्या चिठ्ठ्यांमधून जमवलेले हजार नंबर असले, तरी समोरच्यांनी त्याचा नंबर ठेवला नसेल तर 'पेट्या निघायला लागल्या' हा निरोप त्यांच्यापर्यंत जातच नाही. बागायतदाराला वाटतं लोकांना रस नाही. खरं तर लोकांना कळलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. पेटीत एक छापील चिठ्ठी टाकावी: बागेचं नाव, गाव, नंबर, आणि 'पुढच्या हंगामाची खबर हवी असेल तर हा नंबर सेव्ह करून आपलं नाव कळवा' एवढी ओळ. नाव कळवणाऱ्याला यादीत घ्यावं, न कळवणाऱ्याला सोडून द्यावं. विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्यांच्या वाटेला जाऊच नये. अनोळखी माणसं असे निरोप ब्लॉक करतात, तक्रार नोंदवतात, आणि तक्रारी वाढल्या की व्हॉट्सअ‍ॅप तो नंबरच बंद करू शकतं. ऐन एप्रिलमध्ये नंबर बंद पडला तर ऑर्डरी, पत्ते आणि वर्षांची ओळख, सगळं एकदम अडकतं.

आता अनोळखी माणूस या नंबरापर्यंत येतो कसा, ते पाहू. तिथे इन्स्टाग्राम आणि फेसबुक कामाला येतात. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. साधी पोस्ट मुख्यतः आपल्याला आधीपासून ओळखणाऱ्यांपुढे जाते. रील मात्र ओळख नसलेल्यांपुढेही ठेवलं जातं. आधी थोड्या लोकांना दाखवायचं, त्यांनी किती वेळ पाहिलं, कोणाला पुढे पाठवलं हे बघायचं, आणि प्रतिसाद बरा असेल तर आणखी लोकांपुढे न्यायचं, अशी ही चाल असते. यातलं 'कोणाला पुढे पाठवलं' हे आंब्याच्या धंद्यात फार मोलाचं आहे, कारण कोथरूडची बहीण ठाण्याच्या भावाला रील पाठवते तेव्हा ती 'घ्यायचे का?' असंच विचारत असते.

मग दाखवायचं काय? पिकलेल्या आंब्याचा फोटो सगळेच टाकतात आणि तो सगळ्यांचा सारखाच दिसतो. बागेतलं काम मात्र शहरातल्या माणसाने पाहिलेलं नसतं. डिसेंबरातला मोहोर, त्यावर पडणारे तुडतुडे, पहाटेचं धुकं आणि त्याने बागायतदाराच्या पोटात येणारा गोळा. वाटाण्याएवढी कैरी. झेल्याने देठासकट उतरवलेलं फळ, आणि देठ मोडला तर चीक सालीवर ओघळून डाग कसा पडतो ते. भाताच्या पेंढ्यात लावलेली अढी, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती उघडल्यावर बदललेला रंग. यातलं प्रत्येक काम तीस-चाळीस सेकंदांत दाखवता येतं. त्याला उसनं गाणं लावण्यापेक्षा काम करणाऱ्याचाच आवाज असू द्यावा. आजोबा मालवणीत बोलले तर फारच छान; ती बोली ऐकून दादरचा चाकरमानी थांबतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

हे सगळं डिसेंबरात सुरू करायचं, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक बागायतदार मार्चअखेर पहिली पेटी भरली की फोन हातात घेतात. तोवर ग्राहकापुढे पन्नास बागा एकदमच उभ्या असतात आणि त्याच्याजवळ निवड करायला भावाखेरीज काही उरत नाही. ज्याने मोहोरापासून बाग पाहिली, मध्येच अवकाळी पाऊस येऊन कैऱ्या गळाल्याचं ऐकलं, तो भाव विचारतो, पण निव्वळ भावावर ठरवत नाही. नुकसानीचा व्हिडिओ टाकायला काही जण कचरतात. टाकावाच. यंदा पेटी महाग का, हे त्यातूनच समजतं.

रील किती जणांनी पाहिलं या आकड्याला मात्र भुलू नये. लाखभर लोकांनी पाहिलं आणि त्यातले बहुतेक आपली पेटी पोहोचतच नाही अशा गावांचे असले, तर त्याचा उपयोग नाही. अकाऊंट व्यावसायिक प्रकारचं करून घेतलं की पाहणारे कोणत्या शहरातले आहेत ते इन्स्टाग्राम दाखवतं. ते महिन्यातून एकदा बघावं. बोलताना शहरांची नावं घ्यावीत, 'पुण्यात दर गुरुवारी गाडी येते' असं स्पष्ट सांगावं, आणि प्रोफाइलवर थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी लिंक ठेवावी. जाहिरातीवर पैसे घालायचे असतील तर ज्या शहरांत आपली गाडी जाते तेवढीच निवडावीत आणि बटण दाबताच व्हॉट्सअ‍ॅप उघडणारा प्रकार घ्यावा. जाहिरातीबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. आधी ओळख जमवावी, पैसे नंतर.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी हव्या असतात: भाव काय, कधी मिळेल, फळ कसं आहे. कॅटलॉगमध्ये आकारानुसार डझनाचे भाव लिहून ठेवावेत. 'भावासाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्मे लोक परत फिरतात असा माझा अनुभव आहे. नेहमीची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवता येतात. 'नवीन', 'पैसे आले', 'पाठवलं', 'पुन्हा मागवलं' अशी लेबलं लावली तर घरातल्या कोणालाही एका नजरेत हिशेब कळतो. पैसे यूपीआयने येतात तेव्हा स्क्रीनशॉटवर विसंबू नये, खात्यात जमा झाल्याचं पाहूनच पेटी बांधावी.

खरी वाढ होते ती सोसायट्यांच्या ग्रुपमधून. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक इथल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सोसायटीचा ग्रुप असतो. त्यात बाहेरच्याने शिरून जाहिरात टाकली तर ती खपत नाही, आणि खपूही नये. पण त्याच सोसायटीत गेल्या वर्षी आंबे घेतलेलं एखादं घर असेल, तर त्यांना विचारावं: 'काकू, ग्रुपच्या अ‍ॅडमिनना विचारून एकत्र ऑर्डर घ्याल का?' पंधरा घरांनी दोन-दोन डझन घेतले की तीस डझन होतात, म्हणजे पाच डझनांच्या सहा पेट्या एकाच दारात उतरतात. भाडं विभागलं जातं, फळाची हाताळणी कमी होते. काकूंना त्यांच्या खटपटीबद्दल डझनभर आंबे आवर्जून द्यावेत, आणि ते उघडपणे द्यावेत, म्हणजे शेजाऱ्यांच्या मनात शंका राहत नाही. या एका घराचा शब्द हजार रील्सपेक्षा जास्त चालतो, कारण आंबा वाईट निघाला तर काकूंना लिफ्टमध्ये रोज त्याच माणसांना भेटायचं असतं.

आणि आंबा कधीतरी वाईट निघतोच. हापूसमध्ये साका असतो; वरून फळ निर्दोष, कापल्यावर आत गर पांढरट, घट्ट आणि आंबट. बाहेरून तो ओळखता येत नाही. हे आधीच सांगून ठेवावं आणि कापलेल्या फळाचा फोटो आला की वाद न घालता बदली फळ द्यावं किंवा पैसे परत करावेत. तक्रार ग्रुपमध्ये जाहीरपणे आली असेल तर उत्तरही तिथेच द्यावं. पेटीसोबत अढीच्या सूचना पाठवाव्यात: आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका, पेंढ्यातच राहू द्या, देठाजवळ किंचित सुरकुती आली आणि वास सुटला की खा. निम्म्या तक्रारी कच्चा आंबा घाईने कापल्याच्या असतात.

अस्सलपणाचा पुरावा दाखवण्याची सोयही आता आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो प्रोफाइलवर ठेवावा. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावण्याची पद्धत आणली. ग्राहकाने त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खात्री करून घ्यायची. अशी खात्री कशी करायची, याचं एक छोटं रील प्रत्येक देवगडच्या बागेने करावंच. मात्र आपला आंबा संपल्यावर शेजारच्या तालुक्यातला घेऊन आपल्या नावाने पाठवायचा मोह मे महिन्यात होतो. तो शेजारच्या बागेच्या नावानेच पाठवावा. लोक घेतात.

जूनमध्ये पाऊस लागला की बहुतेक बागांचे फोन गप्प होतात. आंबापोळी, मोरांबा, आटवलेला रस घरी करत असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घेऊन, क्रमांक लेबलवर छापून, त्याच यादीला विकता येतं. काही विकायचं नसलं तरी पहिल्या पावसानंतर कलमांना खत घालतानाचा एखादा फोटो स्टेटसवर टाकावा, गणपतीला एक शुभेच्छा, दिवाळीला एक. त्याहून जास्त नको. याच निवांत दिवसांत चॅटचा बॅकअप घ्यावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, आणि यंदा ज्यांनी दोनदा मागवलं त्यांची वेगळी यादी करून ठेवावी. मार्चमध्ये पहिली पेटी भरली जाईल तेव्हा भाव आणि तारीख आधी या यादीला कळवायची, आणि दोन दिवसांनी बाकीच्यांना.