जत्रेचा तंबू आणि सार्वजनिक दायित्व विमा

यात्रा-जत्रा हा ग्रामीण महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाचा एक महत्त्वाचा भाग होय. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगाव येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवितात. बिदागी, तारीख, जागा या बाबी तेथे निश्चित होतात. परंतु तंबूचा खांब कोसळून वा विजेचा धक्का बसून एखादा प्रेक्षक जखमी झाला, तर भरपाई कोणी द्यावयाची, याचा विचार सहसा होत नाही.

असे प्रसंग प्रत्यक्षात घडले आहेत. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपास आग लागून ४४२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. २००९ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शाळा चालविणारी संस्था व शासकीय यंत्रणा या दोहोंवर टाकला. गावच्या जत्रेचे आयोजक आणि शाळांचे चालक या दोघांनीही यापासून बोध घ्यावयास हवा.

येथे दोन प्रकारच्या विम्यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. २०२३ साली राज्य शासनाने ५० हजार गोविंदांचा विमा उतरविला व मृत्यू ओढवल्यास १० लाख रुपयांची तरतूद केली. हा वैयक्तिक अपघात विमा होय. तो खेळणाऱ्याला संरक्षण देतो. पाहणाऱ्याला इजा झाल्यास आयोजकावर किंवा फडमालकावर जी कायदेशीर जबाबदारी येते, तिच्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा घ्यावा लागतो. त्यात त्रयस्थ व्यक्तीची शारीरिक हानी, मालमत्तेचे नुकसान आणि विमा कंपनीच्या संमतीने केलेला न्यायालयीन खर्च यांचा समावेश होतो. एका अपघातासाठी व संपूर्ण वर्षासाठी भरपाईच्या मर्यादा विमापत्रात नमूद असतात.

मात्र फडातील नोकरांना झालेली इजा, हेतुपुरस्सर केलेले कृत्य आणि करारामुळे ओढवून घेतलेली जादा जबाबदारी सहसा या विम्यात येत नाही. अपघात घडताच कंपनीस विनाविलंब कळवावे. तिच्या संमतीवाचून दोष कबूल करू नये किंवा भरपाईचे आश्वासन देऊ नये. जखमींना तातडीने रुग्णालयात पोहोचविणे हे मात्र सर्वांचे पहिले कर्तव्य होय.

विमा घेतला म्हणजे दक्षता संपली असे नव्हे. आवश्यक परवाने, बाहेर पडण्याचे मोकळे मार्ग आणि जाणकार तंत्रज्ञाने तपासलेली वीजजोडणी यांकडे दुर्लक्ष झाल्यास जीवितहानी तर होतेच, शिवाय विम्याचा दावाही धोक्यात येतो.

उचल घेऊन हंगाम उभा करणाऱ्या फडाला भरपाईचा एकच मोठा दावा कायमचा बंद पाडू शकतो. आणि विमा नसेल, तर जखमी प्रेक्षकाच्या कुटुंबाच्या हाती रिकामा हुकूमनामाच उरतो. म्हणून सुपारीच्या करारात तंबू व वीज यांची जबाबदारी कोणाची आणि विमा कोणी उतरवावयाचा, ही दोन कलमे ग्रामपंचायतींनी व जत्रा समित्यांनी आग्रहाने लिहून घ्यावीत.