विश्लेषण : अंदमानचे आदिवासी आले कुठून? मुलांना कसे सांगाल?

अंदमानच्या सहलीत सेल्युलर जेल पाहून झाले, की अनेक पर्यटक बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे वळतात. तिकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. वाहने ताफ्याने सोडली जातात. थांबायला आणि फोटो काढायला मनाई असते. 'इथे कोण राहते? ते आले कुठून?' मागच्या सीटवरून मूल विचारते. 'अश्मयुगातली माणसे' किंवा 'आफ्रिकेतून आलेले लोक' असे उत्तर आपण पटकन देऊन टाकतो. पहिले उत्तर चुकीचे आहे, दुसरे अर्धवट.

सगळे आदिवासी एकाच मूळचे का?

नाही. अंदमानात ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनली. तर निकोबारात निकोबारी आणि शोम्पेन. दोन द्वीपसमूहांच्या मध्ये सुमारे १५० किलोमीटर समुद्र आहे आणि दोघांचा इतिहासही वेगळा. निकोबारी भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या. खासी, संथाली आणि आपल्या मेळघाटातली कोरकू याच कुळातल्या. म्हणजे निकोबारच्या भाषेची नातलग महाराष्ट्रातही बोलली जाते. मुलांना हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल. अंदमानी भाषांचे मात्र बाहेरच्या कोणत्याही भाषेशी नाते अद्याप सिद्ध झालेले नाही.

मग अंदमानी आफ्रिकेतून आले, हे खोटे का?

खोटे नाही, पण ते आपल्या सर्वांनाच लागू आहे. आधुनिक मानवाचा उगम आफ्रिकेत झाला आणि तिथून बाहेर पडलेली माणसे पिढ्यान् पिढ्या सरकत आशियात पसरली. आपले पूर्वजही त्यांतलेच. अंदमानींचा वर्ण आणि कुरळे केस पाहून, गुलामांना नेणारे जहाज फुटल्याने ते इथे आले असावेत, असाही तर्क एकेकाळी लढवला गेला. तो टिकला नाही. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली गेली होती. त्या काळात म्यानमारचा किनारा आणि अंदमान यांच्यातले अंतर बरेच कमी होते. तरीही मध्ये पाणी होतेच, असे मानले जाते. म्हणजे इथे पोहोचणाऱ्यांना समुद्र ओलांडावा लागला.

हे कशावरून कळले?

मायटोकाँड्रियाचा डीएनए मुलांना आईकडून मिळतो. आई, आजी, पणजी अशी साखळी त्यावरून मागे मागे नेता येते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओंगे आणि ग्रेट अंदमानी यांच्या मातृवंशाच्या शाखा हजारो वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्याचे आढळले. निकोबारींचे नाते मात्र आग्नेय आशियाशी जवळचे निघाले. अंदमानी बेटांवर नेमके केव्हा पोहोचले, यावर मतभेद आहेत. शंख-शिंपल्यांच्या जुन्या ढिगाऱ्यांतून मिळालेले पुरावे जेमतेम दोन-अडीच हजार वर्षे मागे जातात. काही गोष्टी शास्त्रज्ञही अजून शोधत आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.

'अश्मयुगातली माणसे' का म्हणू नये?

कारण काळ त्यांच्यासाठीही थांबलेला नाही. किनाऱ्याला लागून फुटलेल्या जहाजांचे लोखंड काढून सेंटिनली त्याची बाणांची टोके बनवतात. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषेच्या व्याकरणाचा अभ्यास केला, तेव्हा त्याची रचना शरीराच्या अवयवांच्या विभागणीवर उभी असल्याचे दिसले. या भाषासमूहातली 'बो' भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा, बोआ सीनियर, २०१० मध्ये वारल्या आणि ती भाषाही संपली.

त्यांना भेटायला का जायचे नाही?

हा पुढचा प्रश्न मूल विचारणारच. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी इथे कैद्यांची वसाहत उभारली, तेव्हा ग्रेट अंदमानी हजारोंच्या संख्येत होते. गोवर, सिफिलिस असे आजार बाहेरून आले आणि १९६१ च्या जनगणनेत अवघे १९ जण उरले. १८८० मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने उत्तर सेंटिनल बेटावरून सहा जणांना पकडून नेले. त्यातले वृद्ध जोडपे आजारी पडून मेले. आजही बाहेरच्यांना या बेटावर जायला कायद्याने बंदी आहे. २०१२ मध्ये खाण्याचे आमिष दाखवून जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. त्यांना 'मागास' समजायची सवय कुठवर जाते, हे त्यातून दिसले.

थोडक्यात काय सांगाल?

लहान मुलाला एवढे पुरे: 'खूप खूप वर्षांपूर्वी माणसे आफ्रिकेतून निघाली. काही चालत चालत आपल्याकडे आली, काही समुद्र ओलांडून या बेटांवर पोहोचली. तीही आपल्यासारखीच आजची माणसे आहेत. हे जंगल त्यांचे घर आहे. न विचारता कुणाच्या घरात शिरायचे नाही आणि फोटोही काढायचा नाही.' मग आपणही आपला मोबाइल खिशात ठेवावा.