नवी हार्ड डिस्क, म्हणून निर्धास्त?

मंडळी, 'नवीच तर आहे, काय होतंय' हे हार्ड डिस्कला लागू नाही. कारखान्यात राहिलेला बारीक दोष बऱ्याचदा सुरुवातीलाच डोकं वर काढतो. बॅकब्लेझ या बॅकअप कंपनीने २०१३ मध्ये आपल्या हजारो डिस्कचे आकडे दिले: पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के निकामी, पुढच्या दीड वर्षात फक्त १.४, आणि तीन वर्षांनंतर थेट ११.८.

म्हणून फोटो नव्या डिस्कवर टाकले की जुनीवरचे लगेच उडवू नका. आधी स्मार्टमॉनटूल्समधून एक्स्टेंडेड टेस्ट लावा. मोठ्या डिस्कला रात्र जाते, जाऊ दे. मग दोन आकडे बघा: 'पेंडिंग' म्हणजे डिस्कला धड वाचता न आलेले सेक्टर, 'रीअ‍ॅलोकेटेड' म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले. नव्या डिस्कवर दोन्ही शून्यच हवेत. एखादा वाढत असेल तर डेटा काढून घ्या आणि दुकानदाराची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत डिस्क परत करा. नंतर वॉरंटी असते, पण तिच्यात अनेकदा दुरुस्त केलेली डिस्क हातात पडते. डेटा तर वॉरंटीत सहसा येतच नाही.

टक-टक आवाज येतोय? मग टेस्टबिस्ट काही नको, आधी ती बंद करा.