मातामृत्यू : पहिला विलंब आपल्या दारी नको

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव जोग नदीच्या खाडीकाठी वसले आहे. पूल होण्यापूर्वी हर्णैकडे जाण्यासाठी तरीने खाडी ओलांडावी लागे. आज पूल आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, दापोलीस उपजिल्हा रुग्णालय आहे. तरीही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावर झाडे उन्मळून रस्ते अडले, वीज व दूरध्वनी बंद पडले. त्या दिवसांत वेणा सुरू झालेल्या स्त्रीस दापोली किती दूर वाटली असेल, याची कल्पना करावी.

गर्भावस्थेत किंवा ती संपल्यापासून ४२ दिवसांत, तिच्याशी निगडित कारणाने स्त्री दगावल्यास तो मातामृत्यू गणला जातो. आपल्या शास्त्रातील दीड महिन्याचा सूतिकाकाल याच्याशी जवळपास जुळतो. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात २५४ व महाराष्ट्रात १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ९७ व ३३ झाले. उरलेले बहुतेक मृत्यूही टाळता येण्याजोगे आहेत. अतिरक्तस्राव, उच्च रक्तदाब व त्यामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही प्रमुख कारणे होत. पांडुरोग असल्यास थोडा रक्तस्रावही घातक ठरतो.

थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन विलंब सांगितले : निर्णय घेण्यातील, रुग्णालय गाठण्यातील आणि तेथे उपचार मिळण्यातील. पैकी पहिला पुष्कळदा आपल्या चिकित्सालयात अथवा औषधालयात घडतो, कारण गावातील कुटुंब प्रथम आपल्याकडेच येते.

म्हणून काही नियम पाळावेत. प्रत्येक गर्भिणीचा रक्तदाब मोजावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, कोणताही रक्तस्राव, ताप अथवा झटका दिसताच औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे; प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांतही प्राण घेऊ शकतो. शासकीय लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करवून केवळ मंडूरकल्पांवर विसंबू नये. त्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत, हेही सांगावे. पाळी चुकल्याची तक्रार असता गर्भपरीक्षणाशिवाय रजःप्रवर्तिनी वटी देऊ नये. औषधालय चालकांनी गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीविना कदापि विकू नयेत.

चरकाचार्यांनी गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे जपण्यास सांगितले आहे. मूढगर्भाची चिकित्सा किती कठीण हे जाणून सुश्रुताचार्यांनी ती अधिपतीच्या अनुमतीनेच करण्याची आज्ञा दिली. आपली मर्यादा ओळखून रुग्णास वेळीच पुढे पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही. तो शास्त्राचाच आदेश आहे. रुग्णवाहिकेचा व नजीकच्या रुग्णालयाचा क्रमांक प्रत्येक वैद्याने आजच आपल्या मेजासमोर लावावा.