विश्लेषण : माजी सैनिकाच्या छातीवरील रंगीत पट्ट्या कशा ओळखाव्यात?

ध्वजवंदनाला जासईसारख्या गावांत माजी सैनिक कोटावर पदकांची रांग लावून येतात. निवेदक सरसकट ‘शौर्यपदक विजेते’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात रांगेतील बहुतेक पदके सेवेची असतात. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेसाठी वेगवेगळी पदके आहेत. स्वातंत्र्याच्या ५०व्या वर्षी निघालेले पदक तर तेव्हा सेवेत असलेल्यांना मिळाले. शौर्याचे पदक असलेच तर ते या गर्दीत हरवते.

ते शोधायचे कसे? सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याकडे असते. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी, तर वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. ही तिन्ही शत्रूसमोरील शौर्यासाठी. एरवीच्या शौर्यासाठी हिरवी फीत असते आणि तिथे केशरी रेघा मोजाव्यात. एक म्हणजे अशोक चक्र, दोन म्हणजे कीर्ती चक्र, तीन म्हणजे शौर्य चक्र. रेघा वाढल्या की मान वाढतो, असे वाटेल. पण इथे उलटे आहे. १९५२ मध्ये ही पदके अशोक चक्र वर्ग १, २ आणि ३ होती, १९६७ मध्ये नावे बदलली. रेघा जुन्याच राहिल्या.

खरा घोळ सेना पदकाचा. ते शौर्यासाठीही मिळते आणि विशेष सेवेसाठीही. पदक तेच, फीतही तीच. मासिक मानधन मात्र फक्त शौर्यासाठीच्या पदकाला. त्यामुळे वारसांनी पेटीतील पदकाइतकाच सोबतचा कागद जपायला हवा.

परमवीर चक्राच्या रचनेचे श्रेय सावित्रीबाई खानोलकर यांचे. जन्माने त्या स्विस, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून इथल्या झालेल्या. कांस्याच्या या गोल पदकावर इंद्राची चार वज्रे आहेत. आजवर २१ जणांना ते मिळाले, त्यांतील १४ जणांना मरणोत्तर. ते जिवंतपणी मिळालेले पहिले वीर राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली होती.

स्वातंत्र्यापूर्वीचा सर्वोच्च मान व्हिक्टोरिया क्रॉस. जासई ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे हे त्याचे मानकरी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतील जवळपास सारे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. गोळ्या भरायलाही वेळ उरला नाही, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. ठाणे पडले, पण लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना टिपले. वय अवघे २२.

घरातील जुनी फीत विटली असेल, तर रंगावर विसंबू नये. शौर्य सन्मानांची नोंद भारताच्या राजपत्रात असते आणि चक्रविजेत्यांची नावे संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरही शोधता येतात.