मोठे पूर्णांक आणि सी-एक्स्टेन्शन: पाच गैरसमज

पोस्टग्रेस डेटाबेसला सी भाषेत लिहिलेलं स्वतःचं फंक्शन जोडता येतं. वेग मिळतो, पण मोठ्या आकड्यांची राखण आपल्यालाच करावी लागते. इथे चूक झाली तर प्रोग्राम बंद पडेलच असं नाही. चुकीचा आकडा बिनबोभाट पुढे जातो.

गैरसमज १: साधा इंटिजर सगळ्याला पुरतो.
वस्तुस्थिती: त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. धाराशिव जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या, १६,५७,५७६, त्यात आरामात मावते. पण ६ ते ९ने सुरू होणारा दहा अंकी मोबाइल नंबर एकही मावत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तो नंबर तर बारा अंकी.

गैरसमज २: उत्तर ६४ बिटच्या व्हेरिएबलमध्ये घेतलं की झालं.
वस्तुस्थिती: धाराशिव जिल्ह्यातला एखादा कारखाना ५ लाख टन ऊस टनाला ३,००० रुपयांनी घेतो असं धरा. बिल १५० कोटी. हिशोब पैशांत ठेवला, तर ५,००,००० गुणिले ३,००,०००. दोन्ही आकडे ३२ बिटच्या व्हेरिएबलमध्ये असतील, तर सी गुणाकारही ३२ बिटातच करतं. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या बिल्डमध्ये उत्तर येतं उणे ३२,३८,५५३ रुपये ६० पैसे! गुणाकाराआधीच एक आकडा ६४ बिटाचा करून घ्यावा लागतो.

गैरसमज ३: मर्यादा ओलांडली तर डेटाबेस एरर देईलच.
वस्तुस्थिती: एसक्यूएलमधली बेरीज-गुणाकाराची चिन्हं देतात, तुमचा सी कोड देत नाही. त्यासाठी पोस्टग्रेसच्याच हेडरमधलं ‘पीजी_मल_एस६४_ओव्हरफ्लो’ वापरा. ते ‘ट्रू’ म्हणालं की ‘ईरिपोर्ट’ने एरर द्या.

गैरसमज ४: दोन्हीकडचा ‘इंट८’ एकच.
वस्तुस्थिती: एसक्यूएलमध्ये तो ८ बाइटचा, म्हणजेच बिगइंट. पोस्टग्रेसच्या सी हेडरमध्ये मात्र ८ बिटचा. त्यात उणे १२८ ते १२७ एवढंच बसतं. बिगइंटसाठी सी कोडमध्ये ‘इंट६४’च लिहा.

गैरसमज ५: माझ्या मशिनवर चाललं, म्हणजे सगळीकडे चालेल.
वस्तुस्थिती: ६४ बिटच्या लिनक्सवर ‘लाँग’ ८ बाइटचा असतो, विंडोजवर ४ बाइटचा. त्यामुळे ‘लाँग’वर विसंबू नका. आर्ग्युमेंट घेताना ‘पीजी_गेटआर्ग_इंट६४’, उत्तर देताना ‘पीजी_रिटर्न_इंट६४’ आणि छापताना ‘इंट६४_फॉरमॅट’ हेच मॅक्रो वापरा.

शेवटी एक साधा नियम. मोबाइल आणि आधार नंबरांची कधी बेरीज होत नाही. ते टेक्स्टमध्येच ठेवा. पैशांसाठी बिगइंट घ्या. त्याची मर्यादा १९ अंकी आहे. तीही अपुरी वाटली तर न्यूमेरिक आहेच. आणि फंक्शन सर्व्हरवर चढवण्याआधी मर्यादेचा शेवटचा आकडा आणि त्यात एक मिळवून, अशा दोन्ही चाचण्या घ्याच.