बोलपटाचा आरंभकाळ : अभियंत्यांच्या संस्था, सामायिक मापे आणि परिभाषेचा प्रश्न

मराठी बोलपटाचा इतिहास सामान्यतः ६ फेब्रुवारी १९३२ या दिवसापासून सांगितला जातो. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ त्या दिवशी मुंबईत प्रकाशात आला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे यांचे संगीत व भूमिका, दुर्गा खोटे यांची तारामती या गोष्टींची नोंद सर्वत्र आढळते. परंतु या इतिहासात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. कोल्हापुरात मुद्रित झालेला आवाज दूरच्या गावी, परक्या देशातून आलेल्या यंत्रावर, मूळ कलाशाळेशी कोणताही संबंध नसलेल्या कारागिराच्या हातून यथास्थित कसा उमटला? त्याचे उत्तर कोणा एका संशोधकाच्या प्रतिभेत सापडत नाही. ते आहे सर्वांनी मान्य केलेल्या मापांत व नावांत. आणि ही मापे व नावे ठरविण्याचे कार्य मुख्यतः अभियंत्यांच्या संस्थांनी केले. त्या कार्याचे स्वरूप आणि मराठी भाषेच्या अभ्यासकास त्यातून मिळणारा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. ध्वनीने निर्माण केलेली अडचण

मूकपटाच्या काळात छायाचित्रक हाताने फिरविला जाई. चित्रणाचा वेग मिनिटास सुमारे ६० फूट, म्हणजे सेकंदास १६ चित्रे, असा धरला जात असला तरी प्रत्यक्षात तो कमीअधिक होत असे, आणि चित्रगृहांत फीत बहुधा त्याहून जलद चालविली जात असे. डोळा ही विषमता सहन करतो. कान करीत नाही. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की स्वर सुमारे अर्ध्या श्रुत्यंतराने नव्हे, तर पूर्ण एका अर्धस्वराने सरकतो. सेकंदास २४ चित्रे या वेगाने मुद्रित केलेले गाणे १६ चित्रांच्या वेगाने चालविले, तर गायकाचा षड्ज मंद्र मध्यमावर जाऊन बसेल. संगीत रंगभूमीच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यास असा बोलपट क्षणभरही रुचला नसता.

म्हणून ध्वनीच्या आगमनाबरोबर वेग निश्चित होणे अपरिहार्य झाले. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी १९२६ च्या सुमारास मिनिटास ९० फूट हा वेग स्वीकारला. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. त्यामुळे हा वेग सेकंदास बरोबर २४ चित्रांचा होतो. हा आकडा कोणत्याही ध्वनिशास्त्रीय सिद्धान्तातून निघालेला नव्हता. त्या काळच्या मोठ्या चित्रगृहांत प्रत्यक्ष चालणारा वेग पाहून तो निवडला गेला. रूढीतून नियम निघावा आणि मग त्या नियमाने रूढी बांधली जावी, ही प्रक्रिया प्रमाणभाषेच्या अभ्यासकास परिचित आहे.

दुसरी अडचण फितीवरील जागेची होती. १९२७ सालच्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये आवाज वेगळ्या तबकडीवर होता. तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेई व तिची एक बाजू सुमारे ११ मिनिटे, म्हणजे हजार फुटांच्या एका रिळाइतकी, चाले. फीत तुटून दोन चित्रे जरी गळाली तरी पुढील सारे संभाषण ओठांशी विसंगत होई. फितीच्याच कडेला ध्वनीची प्रकाशरेखा छापण्याची पद्धती अखेर टिकली ती यामुळे. या पद्धतीतही दोन प्रकार होते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीत पट्टीची घनता कमीअधिक होई, तर आर.सी.ए.च्या पद्धतीत पट्टीतील पारदर्शक भागाची रुंदी बदले. मात्र दोहोंचे पट्टीचे स्थान एकच ठरल्यामुळे एकच वाचकयंत्र दोन्ही फिती वाचू शकले. चित्राच्या दारापाशी फीत थांबत थांबत चालते, ध्वनिवाचकापाशी मात्र ती अखंड सरकली पाहिजे. यासाठी ध्वनी हा संबंधित चित्राच्या सुमारे २० चित्रे पुढे छापण्याचा संकेत रूढ झाला. हे अंतर यंत्रागणिक वेगळे असते, तर प्रत्येक कंपनीचा बोलपट केवळ तिच्याच यंत्रावर बोलू शकला असता.

२. संस्थांचे कार्य

असे संकेत ठरविणारी प्रमुख संस्था म्हणजे अमेरिकेतील सोसायटी ऑफ मोशन पिक्चर एंजिनिअर्स. सी. फ्रान्सिस जेंकिन्स यांच्या पुढाकाराने ती १९१६ साली स्थापन झाली. १९५० साली तिच्या नावात ‘टेलिव्हिजन’ या शब्दाची भर पडली. बाजारात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे अभियंते या संस्थेच्या समित्यांत एकत्र बसत, निबंध वाचीत आणि ते छापवीत. आरंभी हे निबंध ‘ट्रान्झॅक्शन्स’ या नावाने निघत. १९३० पासून संस्थेचे नियतकालिक सुरू झाले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, प्रमाणांचा विचार करणाऱ्या तिच्या समितीकडेच नामकरणाचेही काम सोपविलेले होते. मोजणे आणि नाव देणे ही एकाच कार्याची दोन अंगे होत, हे त्या अभियंत्यांनी ओळखले होते. एका कारखान्यात ज्याला एक नाव आहे त्याला दुसऱ्यात वेगळे नाव असेल, तर मापाचा आकडा कितीही अचूक असला तरी तो निरर्थक ठरतो.

हॉलिवुडची ॲकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस ही १९२७ सालची संस्था आज पारितोषिकांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु आरंभीच्या वर्षांत तिचे तांत्रिक कार्यही तितकेच महत्त्वाचे होते. चित्रणासाठी वापरले जाणारे कार्बनचे दिवे सूं सूं आवाज करीत. म्हणून १९२८ च्या आरंभी तिने इतर संस्थांच्या सहकार्याने विद्युत्-तंतूच्या दिव्यांच्या विस्तृत चाचण्या घेतल्या व त्यांचे निष्कर्ष सर्वांना खुले केले. १९२९ मध्ये कलाशाळांतील कर्मचाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रणाच्या मूलतत्त्वांचे वर्ग चालविले. त्यांतील व्याख्याने १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९३० मध्ये प्रदर्शन-प्रतीच्या आरंभीची पट्टी व रीळ बदलण्याच्या खुणा निश्चित झाल्या. पुढे अनेक दशके चित्रपट पाहताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारा ठिपका दिसे, तो याच खुणांपैकी होय. ध्वनिपट्टीमुळे चौकोनी भासू लागलेल्या चित्राचे प्रमाण १९३२ साली नव्याने बांधण्यात आले, तेही याच संस्थेने.

३. मुंबई व कोल्हापूर

हिंदुस्थानात ही विद्या माणसांच्या व यंत्रांच्या मार्फत आली. संस्थांच्या मार्फत आली नाही. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. त्यासाठी टॅनार यंत्र आणले गेले होते व त्याबरोबर विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले होते. यंत्राची माहिती करून घेऊन इराणी व रुस्तम भरुचा यांनी पुढील मुद्रण स्वतः केले. कलाशाळेजवळून आगगाड्या जात असल्याने चित्रण बहुतांशी रात्री चाले. ध्वनिरोधक कलागाराची उणीव अशा रीतीने घड्याळाने भरून काढली गेली.

प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. त्यांचे शिक्षण कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयात झालेले नव्हते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, जेथे छायाचित्रकदेखील घरच्या घरी घडविला गेला, तेथे त्यांचा हात तयार झाला होता. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत व हिंदीत असा दोनदा चित्रित झाला. गाणीही चित्रणाबरोबरच मुद्रित होत. पार्श्वगायनाची पद्धती कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये १९३५ साली रूढ होऊ लागली. दामले यांच्या कौशल्याची थोरवी निःसंशय आहे. तथापि हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे, एका हातातून दुसऱ्या हातात गेले. मुंबईत १९३२ साली मोशन पिक्चर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पण तिचा भर व्यवसायाच्या प्रश्नांवर राहिला. १९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट निघाली व तेथे ध्वनिमुद्रणाच्या पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली. ही संस्था प्रभातच्याच आवारात उभी राहिली, ही घटना अर्थपूर्ण आहे.

४. मराठी उच्चार आणि यंत्राची मर्यादा

बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत, म्हणजे खालच्या कंपनसंख्यांत, असते. परंतु शब्द ओळखू येतो तो मुख्यतः वरच्या कंपनसंख्यांतील व्यंजनांमुळे. दूरध्वनीच्या संदर्भात बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांनी केलेल्या संशोधनाने हे स्पष्ट केले होते. आरंभीच्या बोलपटाची चित्रगृहातील उपयुक्त मर्यादा सेकंदास सुमारे पाच-सहा हजार कंपनांपर्यंत होती. मराठीत ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी तालव्य ज-ने, तर ‘जगणे’ या धातूच्या आज्ञार्थी दंततालव्य ज-ने उच्चारला जातो. हा भेद घर्षणातील वरच्या कंपनांवर पुष्कळसा अवलंबून असल्याने तो अशा यंत्रात क्षीण होणे स्वाभाविक होते. श्रोता संदर्भावरून अर्थ जाणतो हे खरे. तरीही जुन्या बोलपटांच्या आधारे त्या काळच्या मराठी उच्चारांविषयी अनुमान काढताना नटाचा उच्चार कोणता व यंत्राचे दान कोणते, याचा विवेक केला पाहिजे.

५. परिभाषा व मराठवाडा

‘चित्रपट’ या जुन्या शब्दाच्या धर्तीवर ‘बोलपट’ हा शब्द घडला आणि त्याच्या आगमनानंतरच पूर्वीच्या चित्रपटांना ‘मूकपट’ असे वेगळे नाव देण्याची गरज उत्पन्न झाली. ध्वनिमुद्रण, ध्वनिक्षेपक, पार्श्वगायन हे शब्द लेखनात स्थिरावले. कामाच्या जागी मात्र रेकॉर्डिंग, माइक, टेक, कट हेच शब्द चालत राहिले. पुस्तकातील परिभाषा व कारागिराची परिभाषा यांची गाठ घालून देणारी समिती मराठीत या क्षेत्रापुरती झाली नाही.

नांदेड व लातूर या प्रदेशांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बोलपट आला तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठाचा अनुवाद विभाग शास्त्रीय संज्ञांना उर्दू पर्याय घडवीत होता. त्या काळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत होते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड कानी पडे. अशा प्रदेशातील चित्रगृहांत व जत्रांतील तंबूत यंत्र चालविणाऱ्यांनी यंत्राच्या भागांना, फितीच्या दोषांना व आवाजाच्या बिघाडांना कोणती नावे दिली असतील, हा निखळ भाषिक संशोधनाचा विषय आहे.

या विषयास कालमर्यादा आहे. २०१० नंतरच्या दशकात चित्रगृहांतून फीत जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर ती हाताळणारा व्यवसायही संपला. त्या व्यवसायातील उरलेली माणसे वृद्ध आहेत. अमेरिकेतील अभियंत्यांनी आपली नावे व मापे वेळीच छापून ठेवली. म्हणून शंभर वर्षांनंतरही त्यांची कारागिरी वाचता येते. येथील कारागिराचे ज्ञान त्याच्या बोलीत आहे, आणि ती बोली अजून ऐकता येते. नांदेड व लातूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तालुकावार शब्दसंग्रह हाती घेतल्यास, जे काम १९३२ साली व्हावयास हवे होते त्याचा निदान काही अंश पदरात पडेल.